लेकीच्या घरातला केंड

मी घरात केंड पाळलाय हे माहेरी कळलं, तेव्हा शेजारच्या काकींनी फोन करून विचारलं, "डोकंबिकं फिरलं की काय गो तुझं?" त्यांचं काही चुकलं नाही. जयगडच्या खाडीवर ज्याचं म्हणून जाळं आहे, त्याने केंडाला शिवी दिली नाही असा दिवस जात नाही. खायचा नाही, कारण विषारी. विकायचा नाही, कारण घेणार कोण? जाळ्यात शिरला की जाळं कुरतडतो, जाळ्यातले बांगडे अर्धेमुर्धे खाऊन नासवतो आणि हातात धरला की पोट फुगवून चेंडू होऊन बसतो. वर दात करकर वाजवतो मेला. लहानपणी आम्ही पोरं वाळूत पडलेले फुगलेले केंड लाथेने उडवायचो. आता त्याच जातीचा एक बोटभर मासा माझ्या रत्नागिरीच्या फ्लॅटमध्ये काचेच्या टाकीत आहे, आणि मी त्याला चिमट्याने तिसऱ्या, म्हणजे शिंपल्यातलं मांस, भरवते. देवाची करणी आणि नारळात पाणी, दुसरं काय म्हणायचं!

टाकी आयती आली होती. नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकाची बदली झाली आणि जाताना तो आपली टाकी फिल्टर-दिव्यासकट आमच्या दारात ठेवून गेला. "फुकट ते पौष्टिक," म्हणत नवऱ्याने ती उचलून रिकाम्या खोलीत नेली. ती खोली रिकामी का, तेही सांगून टाकते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. फ्लॅट घेतला तेव्हा ती आम्ही मुलासाठी धरली होती. मूल झालं नाही. औषधं झाली, पुण्याच्या फेऱ्या झाल्या, नवस झाले, आणि शेवटी गाठींनी इतकं हैराण केलं की दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी पिशवीच काढून टाकली. नवऱ्याला ठाऊक, सासूला ठाऊक. माझ्या वडिलांना, आबांना, मात्र मी अपेंडिक्सचं ऑपरेशन म्हणून सांगितलं.

का सांगितलं नाही? आमच्याकडे जुनी रीत आहे. लेकीला मूल होईपर्यंत आईबापाने तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही. हल्ली कोण पाळतं हो! आमच्या वाडीतले बाप लग्नाच्या दुसऱ्या महिन्यात जावयाकडे कोंबडी हाणून येतात. पण आमचे आबा पाळतात. माझ्या लग्नाला वीस वर्षं होऊन गेली, तरी आबा माझ्या घरी येताना पाण्याची बाटली घेऊन येतात. कागदात बांधलेली भाकरी, सोबत सुकटीची चटणी. गॅलरीतल्या खुर्चीवर बसून ती खायची, आपल्या बाटलीतलं पाणी प्यायचं, हात धुवायचे आणि जावयाशी गप्पा मारायच्या. आई होती तेव्हा ती निदान गुपचूप घोटभर चहा घ्यायची. आबा म्हणजे सुंभ जळला तरी पीळ जायचा नाही.

आई गेल्यावर आबा जयगडला एकटे. होडी विकली, जाळी वाटून टाकली. मग एकदा सहज म्हणाले, "पोर्टावरचे दिवे हल्ली फुटल्यासारखे दिसतात, भोवती रंगाची कडी दिसतात." मी त्याच आठवड्यात त्यांना इथे डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत यायची नव्हती. उरलेली टिकवायची तर थेंब वेळेवर घालायला हवेत, आणि आबा कधी विसरायचे, तर कधी थेंब गालावर. डॉक्टरांनी त्यांच्यासमोरच मला सांगितलं, "यांना एकटं ठेवू नका. अशाने आंधळे होतील."

"आबा, माझ्याकडे राहा," मी म्हटलं.

"राहीन गो बाय. पण जेवू कुठे? हाटेलात?"

घ्या! असा माणूस. मी चिडले, रडले, अबोला धरला. नवऱ्याने हात जोडले. एकदा म्हटलं, "मग गावच्या देवाला कौल लावा. गुरवाला सांगा, देवाला फुलं चिकटवू दे. उजवं फूल पडलं की माझ्या घरी जेवा." आबा म्हणाले, "आणि डावं पडलं तर?"

"तर आत्ता करताय तेच करा!"

ते उठून चप्पल शोधायला लागले. पायासमोरच होती, पण त्यांना दिसेना. मला इतका संताप आला की मी ती पुढे सरकवलीसुद्धा नाही. नवऱ्याने सरकवली.

खरं तर एका वाक्याचं काम होतं. आबा, मला मूल होणार नाही, पिशवी काढली. एवढं बोलले असते की रीत संपली, वाट बघणं संपलं, आणि आबा माझ्याकडे राहायला मोकळे. ते वाक्य कितीदा तोंडापर्यंत आलं आणि मी गिळलं. म्हाताऱ्याच्या तोंडावर ते कसं मारायचं? आणि नाही मारावं तर त्याचे डोळे जातात. रात्रंदिवस डोक्यात हेच. शाळेत मी प्रयोगशाळा सांभाळते, तिथे एकदा चंचुपात्रं धुताना दोन फोडली, तेव्हा विज्ञानाच्या बाईंनी मला सरळ घरी पाठवलं.

घरी जाताना माशांच्या दुकानात शिरले. रिकाम्या टाकीत दोन सोनेरी मासे टाकू, बघत बसू, एवढाच विचार. तिथे कोपऱ्यातल्या डब्यात हा. पाठीवर पिवळे-काळे ठिपके, पोट खरं तर पांढरं हवं ते करडं पडलेलं, शेपूट मुडपून तळाला बसलेला. डोळा मात्र माझ्यावर. केंडाचे दोन डोळे वेगवेगळे फिरतात, एक तुमच्याकडे, एक जगाकडे.

"गोड्या पाण्यातला पफर आहे, मॅडम," दुकानदार म्हणाला.

"अहो, खाडीवर जन्मलेय मी," मी म्हटलं. "हा केंड आहे. गोड्या पाण्यात मारताय त्याला."

"मग तुम्ही न्या आणि जगवा," तो हसून म्हणाला. मी पण अशी की इरेला पेटले आणि घेऊन आले.

जगवा म्हणणं सोपं. मला वाटलं, त्यात काय, मचूळ पाणी करायचं. सोसायटीच्या विहिरीचं पाणी भरलं, बाजारातून खडे मीठ आणलं, मासळीला लावतात ते, आणि आमटीला घालावं तसं अंदाजाने घातलं. आणि सजावट? इथल्या माणसाला दगड म्हटलं की दुसरं काय सुचणार? घराची भिंत जांभ्याची, गडगा जांभ्याचा, तुळशीचा कट्टा जांभ्याचा. मी पण एका बांधकामावरून जांभ्याचे तुकडे आणून, घासून धुऊन, टाकीत छान डोंगर रचला. त्यात बोगदे, कपारी. नवरा म्हणाला, "चिरेबंदी बांधतेयस की काय? वास्तुशांत कधी?" दिसत होता खरंच देखणा. लाल डोंगर आणि त्यात हा ठिपक्यांचा मासा.

आठवड्यात मासा काळवंडला. कपारीतून बाहेर येईना, तिसरी पुढे धरली तरी तोंड फिरवी. शाळेतून कागदाच्या पट्ट्या आणून पाणी तपासलं तर आंबट! कपाळ माझं. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. आमच्या विहिरीचं पाणी मुळातच जांभ्यातून झिरपून आलेलं, मऊ. त्यात मी वरून आणखी जांभा रचला होता. आणि बाजारच्या मिठाने पाणी खारट झालं होतं एवढंच. या माशाला खारट नुसतं पुरत नाही, पाणी जड लागतं, चुन्याचं लागतं.

सगळं उपसलं. माशाला जाळीने उचलायचं नसतं, हवेत आला की घाबरून हवा गिळतो आणि मग ती बाहेर पडत नाही, उलटा तरंगून मरतो. म्हणून पाण्यात प्लास्टिकचा मग बुडवून, मगासकट त्याला टबात हलवलं. टबातलं पाणी रोज थोडं बदलायचं काम नवऱ्याकडे. डोंगर गेला खाली, बागेच्या कडेला. चुना कुठून आणायचा म्हणून मी इंटरनेटवर शोधत बसले, आणि नवऱ्याने ओट्याखालची पिशवी दाखवली. काखेत कळसा नि गावाला वळसा! आदल्या दिवशी खाल्लेल्या तिसऱ्यांच्या शिंपल्या. त्या उकळल्या, खलबत्त्यात कुटल्या, काही फिल्टरमध्ये भरल्या, काही तळाच्या वाळूत मिसळल्या. खाडीकाठी वाहून आलेलं एक लाकूड आणून मुरवलं आणि त्याला दोऱ्याने जावा फर्न बांधलं, ही एक वनस्पती मचूळ पाण्यात टिकते. आणि भाट्याच्या खाडीच्या कडेला ओहोटीने टाकलेल्या कांदळाच्या, म्हणजे खारफुटीच्या, शेंगा मिळाल्या. त्या मागच्या कोपऱ्यात अशा रोवल्या की मुळं पाण्यात, पानं काचेच्या वर.

शेंगांचं शाळेत सांगितलं तर विज्ञानाच्या बाई कौतुकाने म्हणाल्या, "कांदळाचं बी झाडावरच रुजतं, माहितीय ना? रोप तयार करूनच आई त्याला सोडते." मी हो म्हटलं आणि कपाट लावायला गेले. झाडावरसुद्धा जळायला होतं कधीकधी माणसाला.

खालच्या मजल्यावरच्या काकू टाकी बघायला आल्या. बघून झाल्यावर हळूच म्हणाल्या, "बरं केलंस हो. घरात काहीतरी हलतं-बोलतं असावं."

"मासा बोलत नाही, काकू," मी म्हटलं. त्यांना चहासुद्धा विचारला नाही.

आता पाण्याचं तेवढं राहिलं होतं. मीठ चाखत बसण्यापेक्षा खाडीचंच पाणी आणून विहिरीच्या पाण्यात मिसळावं असं ठरवलं आणि आबांना फोन लावला. पुढच्या आठवड्यात त्यांची डोळ्यांची तपासणी होतीच.

"आबा, येताना कॅनभर खाडीचं पाणी आणाल?"

"कशाला गो?"

"मासा पाळलाय."

"कुठला?"

"केंड."

पलीकडून आबा असे हसले की फोन कानापासून लांब धरावा लागला. आई गेल्यापासून मी त्यांना हसताना ऐकलं नव्हतं. "अगो, माझी अर्धी जाळी त्याच्या पोटात गेली," त्यांना धाप लागली, "आणि तू त्याला घरात घेतलंस? धन्य हायस!"

आले. डोळ्यांना धड दिसत नाही, हातात कॅन, त्यावर गोणपाट, खांद्याला पिशवी. एसटीतून उतरताना कंडक्टरने हात दिला म्हणाले. "काय हाय विचारत होता. म्हटलं, नातवासाठी दूध." बोलून गेले आणि घाईने चपला काढायला लागले. मी पण कॅन उचलून आत गेले. त्यांना असं काही बोलायचं नव्हतं हे मला कळत होतं, तरी लागायचं ते लागलंच.

डॉक्टरांकडे जाऊन आलो. नजर आणखी कमी झाली होती. "थेंब चुकतायत," डॉक्टर म्हणाले. आबा रिक्षात माझ्या शेजारी बसून रस्त्याकडे बघत होते, म्हणजे तोंड तिकडे होतं. काय दिसत होतं देव जाणे.

संध्याकाळी आम्ही टाकी भरली. अर्ध्या पाण्यावर फिल्टर बरेच दिवस चालवून ठेवला होता, झाडं लागली होती. नवरा बाहेरगावी होता, म्हणून बादल्या मीच ओतल्या. आबा खाली बसून काचेला नाक लावून बघत होते. खारटपणा मोजायची काचेची कांडी मी पाण्यात सोडली, पाण्याची रेघ बरोबर हवी तिथे. मग टबातलं पाणी आणि टाकीतलं पाणी मगाने थोडं थोडं मिसळत केंडाला सवयीचं केलं आणि सोडलं. तो क्षणभर तळाला बसला. मग शेपूट उघडलं, लाकडाभोवती एक चक्कर मारली आणि सरळ काचेपाशी येऊन आबांच्या नाकासमोर थांबला. एक डोळा त्यांच्याकडे.

"बघतोय रे मला," आबा म्हणाले. "ओळखलंस काय? तुझ्या आज्यापणज्यांना मी लई शिव्या घातल्यात." त्यांचा चेहरा इतका खुलला होता की मला वाटलं, राहतील. आज नाही तर उद्या, या मेल्या माशासाठी तरी राहतील.

मग त्यांनी पाण्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. पुन्हा ओंजळीत थोडं घेतलं, तोंडात घोळवलं. "मीठ कमी हाय गो."

"कमी नाही. कांडी बघा ना."

"कांडीला काय कळतंय? मी सांगतो ना, कमी हाय."

कांडीचं खरं होतं. म्हातारपणी जिभेलाही सगळं अळणीच लागतं. पण माझं लक्ष त्यावर नव्हतंच. मी टाळी वाजवून ओरडले, "आबा! प्यायलात! माझ्या घरचं पाणी प्यायलात!"

गंमतच करत होते मी. आबांचा चेहरा एकदम उतरला. ते भिंतीला धरून उठले, चाचपत बेसिनपाशी गेले आणि थुंकले. मग पिशवीतली आपली बाटली काढली, तिच्यातल्या पाण्याने चूळ भरली, पुन्हा एकदा भरली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माशाचं पाणी तोंडात चालतं, लेकीचं चालत नाही! केंडासाठी कॅन वाहून आणलात, आंधळे होऊन एसटीतून आणलात, आणि माझ्या घरचा थेंब जिभेवर राहिला तर चुळा भरताय? काय घाण आहे माझ्या घरात? काय पाप केलंय मी?"

"अगो, तसं नाय."

"मग कसं? सांगा ना, कसं?"

ते बेसिनला धरून उभे होते, पाठमोरे. "मी प्यायलो म्हणजे संपलं गो बाय," ते म्हणाले. "म्हणजे आपणच म्हटल्यासारखं झालं, की आता काय होत नाय. लोकं म्हणोत. जावई म्हणोत. डॉक्टर म्हणोत. पण बापानं नाय म्हणायचं. कोणीतरी थांबाया हवं ना?"

मी तिथेच गप्प बसायला हवं होतं. पण वाक्य सुटलं. दोन वर्षं गिळलेलं, ते त्याच आवाजात, त्याच रागात सुटलं. "कशासाठी थांबताय? पिशवी काढलीय माझी. अपेंडिक्स नव्हतं ते."

आबा वळले. माझा चेहरा त्यांना नीट दिसत नसणार, पण ते बघत राहिले.

"तेव्हाच?" त्यांनी विचारलं.

"तेव्हाच."

"लई दुखलं काय गो?"

मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, मलाच ठाऊक नाही, आणि त्यांना ती दिसलीही नसेल. ते हळूहळू स्वयंपाकघरात गेले, खुर्ची चाचपून बसले. हातातली बाटली टेबलावर ठेवली. तिच्यात अजून अर्धं पाणी होतं.

"बाय," ते म्हणाले, "पाणी दे मला."

ज्या भांडंभर पाण्यासाठी मी वीस वर्षं भांडले, ते मी भरून आणलं. त्यांच्या हातात दिलं तरी माझी बोटं भांड्यावरून सुटेनात. नका पिऊ आबा, असं ओरडावंसं वाटत होतं. गॅलरीत बसा, आपली भाकरी खा, मला शिव्या द्या, पण हे पिऊ नका. त्यांनी माझी बोटं हलकेच बाजूला केली आणि पाणी प्यायले. थांबत थांबत, घोट घोट, सगळं. पिशवी काढावी लागेल असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी रडले नव्हते. ऑपरेशन झालं तेव्हाही नाही. तिकडे जयगडला एक म्हातारा माझ्या घरचं पाणी न पिता बसलाय तोवर काहीतरी शिल्लक आहे, असं मला आतून वाटत होतं, आणि असं वाटतंय हेही मला कधी कळलं नव्हतं. आबांनी भांडं खाली ठेवलं तेव्हा कळलं. मला मूल होणार नाही हे मला तेव्हा कळलं.

मी ओट्याला टेकून रडत होते. आबांनी मला रडू दिलं. मग तोंड पुसून म्हणाले, "भात टाकशील तेव्हा माझा पण टाक."